शाळा नापासांना काय शिकवते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षणाविषयी आपल्या दैनिकात येणारे लेख आणि वाचकांची पत्रे मी नेमाने वाचतो. त्यांत दोन तक्रारी आलटून पालटून येतात. पहिली, शिकून बाहेर पडणाऱ्यांना नोकरी मिळत नाही. दुसरी, त्यांच्यावर संस्कार होत नाहीत. या दोन्ही तक्रारी करणाऱ्यांच्या मनातले शाळेचे चित्र मात्र एकच असते. शाळा म्हणजे काहीतरी देणारी जागा, आणि वाद फक्त ती पुरेसे देते की नाही एवढाच. तीस वर्षांहून अधिक काळ माध्यमिक शाळेत शिकवल्यावर, आणि शिक्षणाचे समाजशास्त्र हा विषय आधी परीक्षेपुरता व निवृत्तीनंतर सावकाशीने वाचल्यावर, या चर्चेतून एक गोष्ट कायम निसटते असे मला वाटते. शाळा देते तशी निवडतेही, आणि निवडताना ज्यांना ती बाजूला काढते त्यांनाही काही धडा देऊनच बाजूला काढते. हे पत्र त्या धड्याविषयी आहे. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे. कात्री लावायची झालीच तर विद्वानांची नावे गाळावीत, गवंड्याचा प्रसंग तेवढा ठेवावा.

शिक्षणाच्या समाजशास्त्राची सुरुवात शाळेच्या निंदेने झालेली नाही, हे आधी सांगायला हवे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांची १८८७ मध्ये बोर्दो विद्यापीठात नेमणूक झाली ती समाजशास्त्र आणि शिक्षणशास्त्र हे दोन्ही विषय शिकवण्यासाठी, आणि भावी शिक्षकांपुढे व्याख्याने देणे हे त्यांचे पुढे वर्षानुवर्षांचे काम होऊन बसले. फ्रान्समध्ये १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मापासून वेगळे केले होते. धर्माचा आधार काढून घेतल्यावर माणसे एकमेकांशी कशाने बांधलेली राहणार, या प्रश्नाला दुर्खीम यांचे उत्तर होते शाळा. घरात मुलाला जे मिळते ते आपले म्हणून मिळते. बाहेरच्या जगात कायदा कोणाला ओळख देत नाही. या दोहोंच्या मधली जागा शाळेची. न आवडणाऱ्या मुलाच्या शेजारी बसणे, घंटा होईपर्यंत थांबणे, हात वर करून आपली पाळी येण्याची वाट पाहणे, नियम आपल्याला आणि मुख्याध्यापकांच्या मुलाला सारखाच लागू आहे असे गृहीत धरणे, हे सारे मूल पहिल्यांदा वर्गात शिकते. समाजात वावरायला अजून तयार न झालेल्या पिढीवर प्रौढ पिढीने केलेला संस्कार, अशी त्यांची शिक्षणाची व्याख्या आहे. ज्याने वर्ग सांभाळला आहे त्याला तिच्यातले तथ्य नाकारता येणार नाही. पाचवीत नव्याने आलेली, एकमेकांची नावेही माहीत नसलेली मुले पहिल्या सहामाहीपर्यंत ‘आमची तुकडी’ म्हणून दुसऱ्या तुकडीशी भांडायला लागतात. समाज म्हणतात तो हाच, मधल्या सुट्टीत.

दुर्खीम यांच्या मांडणीत निवडीचा प्रश्न फारसा पुढे येत नाही. तो टॅल्कॉट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये शाळेच्या वर्गावर लिहिलेल्या निबंधात उघडपणे मांडला. कुटुंबात मुलाचे स्थान जन्माने ठरते, शाळेत ते कर्तृत्वाने ठरावे अशी अपेक्षा असते, आणि म्हणून शाळा एकाच वेळी दोन कामे करते: सगळ्यांना एका साच्यात आणण्याचे, आणि त्याच सगळ्यांना प्रौढ समाजातल्या वेगवेगळ्या जागांसाठी वेगळे काढण्याचे. पार्सन्स हे व्यवस्थेचे टीकाकार नव्हते, उलट समर्थकच मानले जातात. तरीही त्यांच्या निबंधातला एक मुद्दा मला सर्वांत बोचरा वाटतो. स्पर्धेत काही जिंकणार आणि बरेच हरणार हे ठरलेलेच असेल, तर हरणाऱ्यांचा असंतोष आवरायचा कसा? त्यांचे उत्तर असे की, संधी सर्वांना सारखी होती आणि बक्षीस ज्याच्या त्याच्या कामगिरीप्रमाणे मिळाले, यावर जिंकणाऱ्यांइतकाच हरणाऱ्यांचाही विश्वास बसवण्याचे काम शाळा करते. म्हणजे गणित आणि भाषा यांच्या बरोबरीने शाळा आणखी एक विषय शिकवते, त्याचे नाव आहे ‘निकाल योग्य होता’, आणि या विषयात कोणी नापास होत नाही.

गवंड्याचा प्रसंग तो हा. वार्षिक निकालाच्या दिवशी एक पालक आपल्या मुलाचे प्रगतिपुस्तक घ्यायला आले. मुलगा तीन विषयांत गेला होता. मी नेहमीची वाक्ये जुळवत होतो, अभ्यास घ्या, लक्ष द्या वगैरे. तेवढ्यात त्यांनीच मला थांबवले. “सर, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? त्याला डोकंच नाही. आमच्यात कोणालाच नव्हतं. मीपण चौथीत दोनदा बसलो.” हे त्यांनी इतक्या सहजपणे, जवळजवळ माझी समजूत घालण्याच्या सुरात म्हटले की मला उत्तर सुचले नाही. वर्गाच्या एका कोपऱ्यातली भिंत त्या वर्षी पावसाने फुगली होती. सही करून झाल्यावर त्यांची नजर तिकडे गेली. जवळ जाऊन त्यांनी हाताने गिलावा चाचपला, दोन पावले मागे सरून भिंतीच्या कडेकडे एक डोळा मिटून पाहिले, आणि भिंत किती बोटे ओळंब्याबाहेर गेली आहे, कुठपर्यंत उतरवावी लागेल, विटा किती लागतील आणि त्यांतल्या जुन्या किती वापरता येतील, हे सारे कागद-पेन्सिलीशिवाय सांगितले. मग ते ‘डोकं नसलेले’ गृहस्थ मुलाचा हात धरून निघून गेले. आठवड्याभरात शाळेने बोलावलेल्या माणसाने मोजमाप केले तेव्हा विटांचा आकडा थोड्याफार फरकाने तोच निघाला. विटांपेक्षा मला छळत राहिले ते दुसरेच. चौथीच्या वर्गात कोणीतरी दिलेला निर्णय या माणसाने आयुष्यभर खरा मानला होता, आणि आता तो वारसा म्हणून मुलाच्या हाती देत होता. मी त्या वेळी “तसं काही नसतं हो” एवढेच म्हणालो.

स्पर्धा न्याय्य आहे, या गृहीताचे शास्त्रीय समर्थन किंग्स्ले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये केले होते: महत्त्वाच्या जागांना दुर्मिळ गुण आणि दीर्घ प्रशिक्षण लागते, म्हणून त्यांना मोबदला जास्त. १९५३ मध्ये मेल्विन ट्यूमिन यांनी त्यावर साधी शंका विचारली. ज्यांना आपले गुण दाखवायची संधीच मिळाली नाही त्यांची मोजदाद न करता गुण दुर्मिळ आहेत हे कोणी ठरवले? त्यांच्याही कितीतरी आधी, १८८२ मध्ये, महात्मा फुले यांनी ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे याच प्रकारचा प्रश्न ठेवला होता: कष्टकऱ्यांच्या करातून उभा राहिलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, आणि वरून झिरपत तो खालच्यांपर्यंत पोहोचेल असे सांगितले जाते, ते झिरपणे दिसते कुठे?

या शंकांना आकड्यांचे पाठबळ देणारी पहिली मोठी पाहणी १९६६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील तरतुदीनुसार जेम्स कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चार हजार शाळांतील सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती गोळा केली. इमारती, प्रयोगशाळा, ग्रंथालये यांतला फरक मुलांच्या यशातील फरक समजावून देईल अशी बहुतेकांची अपेक्षा होती. हाती आले ते वेगळेच: शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती आणि सोबतच्या मुलांची पार्श्वभूमी यांचा यशाशी संबंध कितीतरी अधिक घट्ट होता. या निष्कर्षाचा काहींनी ‘मग शाळांवर पैसा घालवायचाच कशाला’ असा सोयीस्कर अर्थ काढला, जो कोलमन यांच्या कामातून निघत नाही. खरा प्रश्न पुढचा होता. घर वर्गात शिरते ते नेमके कोणत्या वाटेने?

बेसिल बर्नस्टाईन या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने दाखवलेली वाट भाषेची आहे. पाच वर्षांच्या मुलांना चार चित्रे दाखवून गोष्ट सांगायला लावली होती. मुले फुटबॉल खेळताहेत, चेंडू एका घराच्या खिडकीतून आत जातो, एक माणूस दटावतो, मुले काढता पाय घेतात आणि एक बाई खिडकीतून डोकावते. मध्यमवर्गीय घरातले मूल साधारणपणे असे सांगे: तीन मुले खेळत होती, त्यांतल्या एकाने चेंडू मारला, तो खिडकीतून आत गेला आणि काच फुटली. कामगाराच्या घरातले मूल सांगे: ते खेळतायत, त्याने तो मारला, तो तिकडे आत गेला. चित्र समोर असेल तर दोन्ही गोष्टी सारख्याच पुऱ्या आहेत, आणि ऐकणाऱ्याच्या हातात चित्र असताना सगळे पुन्हा नावानिशी सांगणे हा खरे तर उगाचचा खटाटोप आहे. परंतु शाळेतला प्रत्येक प्रश्न, आणि परीक्षेतला तर हटकून, समोरच्याला काहीच माहीत नाही असे धरून उत्तर मागतो. ही अट कुठल्याही वर्गात शिकवली जात नाही. ज्या घरांत आईवडील मुलाला ‘तो म्हणजे कोण, नीट सांग’ असे रोज विचारतात तिथले मूल ती घेऊनच येते. ज्याच्या घरी सगळे एकाच कामात, एकाच खोलीत असतात आणि अर्ध्या शब्दात समजतात, त्याचे उत्तर ‘अपुरे’ ठरते. बर्नस्टाईन यांच्या मांडणीचा अर्थ ‘गरिबांची भाषाच तोकडी’ असा काढला गेला आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. त्यांनी स्वतः तो अर्थ नाकारला, आणि भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी तथाकथित अशुद्ध बोलीतही तर्क किती धारदार असतो हे उदाहरणांनिशी दाखवून दिले. मला एवढेच महत्त्वाचे वाटते की मुलाचे उत्तर चुकलेले नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याने आपली अट सांगितलेली नव्हती.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी हीच गोष्ट अधिक कडवटपणे सांगितली, आणि त्यांना तसा अधिकारही होता. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या आडगावच्या एका टपाल कर्मचाऱ्याचा हा मुलगा फ्रान्सच्या सर्वांत मानाच्या शिक्षणसंस्थेत शिकला. म्हणजे शाळा गरिबालाही वर नेते, याचे ते स्वतःच जिवंत उदाहरण होते, आणि त्या उदाहरणावर त्यांचाच विश्वास नव्हता. ज्याँ-क्लोद पासरों यांच्यासोबत १९६४ आणि १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन ग्रंथांत त्यांनी म्हटले की पैशासारखेच भांडवल संस्कृतीचेही असते: बोलण्याची ढब, पुस्तकांची सवय, काय आवडले म्हणायचे आणि काय नाही याची जाण. हे भांडवल मूल घरात नकळत मिळवते. शाळा ते शिकवत नाही, तरी मागते मात्र सर्वांकडून. त्यातला एक बारकावा वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. ज्याचे सगळे ज्ञान शाळेतूनच आले आहे, ज्याने पाठ्यपुस्तक मन लावून पाठ केले आहे, त्या विद्यार्थ्याला शिक्षक ‘फारच शाळकरी’ म्हणून कमी लेखतात, आणि ज्याने घरी मिळालेली चमक सहज दाखवली त्याला ‘उपजत बुद्धी’ बहाल करतात. मी आयुष्यभर ज्या मुलांना ‘घोकंपट्टीवाला’ म्हटले, त्यांच्याकडे घोकण्याखेरीज दुसरे काय होते? शाळेने जे दिले तेवढेच त्यांनी शाळेला परत दिले, आणि त्याबद्दल शाळेनेच त्यांना हिणवले.

शिक्षक हे सारे जाणूनबुजून करतो असे मात्र नाही. रे रिस्ट या संशोधकाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. अमेरिकेतल्या एका शहरातील बालवर्गात ते महिनोन्‌महिने बसून राहिले. वर्गातली सर्व मुले कृष्णवर्णीय होती आणि शिक्षिकाही कृष्णवर्णीयच, त्यामुळे वर्णभेदाचा खुलासा तिथे चालणारा नव्हता. शाळा सुरू झाल्याच्या आठव्या दिवशी शिक्षिकेने मुलांना तीन टेबलांवर कायमच्या जागा दिल्या. बुद्धीची कुठलीही चाचणी झालेली नव्हती. तिच्या हाती होती ती कुटुंबांची माहिती, आणि डोळ्यांसमोर होते मुलांचे कपडे व बोलणे. पहिल्या टेबलावर, फळ्याच्या सर्वांत जवळ, नीटनेटकी आणि धिटाईने बोलणारी मुले बसली. तिचे बोलणे, प्रश्न विचारणे, फळ्यावर लिहिणे सारे त्यांच्या रोखाने होत गेले. दुसरीत गेल्यावर गटांना नावे मिळाली: पहिला गट ‘वाघ’, दुसरा ‘कार्डिनल’ नावाच्या पक्ष्यांचा, आणि तिसरा ‘विदूषक’. आठ दिवसांतला अंदाज तोवर गुणपत्रिकेत उतरलेला होता, आणि आता त्याला पुराव्याचे रूप आले होते. त्याआधी दोनच वर्षे रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी याचीच उलटी बाजू तपासली होती. चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडलेली सुमारे वीस टक्के मुले लवकरच बहरणार आहेत असे त्यांनी शिक्षकांना खोटेच सांगितले, आणि वर्षअखेरीस लहान वर्गांतल्या अशा मुलांची बुद्धिगुणांकातली वाढ इतरांपेक्षा जास्त निघाली. त्या प्रयोगाच्या मोजमापावर पुढे पुष्कळ आक्षेप आले आणि त्यांतले काही रास्त आहेत. रिस्ट यांच्या तीन टेबलांबद्दल मात्र मला पुराव्याची गरज भासत नाही, कारण ती टेबले मी स्वतः लावलेली आहेत. माझ्या वर्गात ती बाके होती एवढाच फरक. मागच्या बाकाला मुलांनी दिलेले नाव ‘ढ’ होते. ढ हे अक्षर ब्राह्मीपासून आजवर फारसे बदललेच नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात, अशी एक कथा शिक्षकांच्या खोलीत हसत हसत सांगितली जाई. ती खरी असो वा नसो, अक्षराला बदलू न देणारे लिहिणारेच असतात, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नाही.

निकाल न मानणारी मुलेही असतातच. पॉल विलिस यांनी १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या एका औद्योगिक गावातील बारा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ही मुले शिक्षकांची टर उडवत, तास बुडवत, आणि शाळेचे ऐकणाऱ्या मुलांना ‘नुसते कान असलेले’ म्हणून चिडवत. त्याच सुमारास सॅम्युएल बोल्स आणि हर्बर्ट गिंटिस हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ असे सांगत होते की शाळा ही कारखान्याची तालीम आहे: घंटा, हजेरी, वरिष्ठांची आज्ञा, कामात रस नसला तरी गुणांसाठी काम. विलिस यांच्या मुलांनी ही तालीम साफ नाकारली होती. प्रमाणपत्राने आपल्यासारख्यांचे फारसे भले होत नाही, हे त्यांनी कुठलेही पुस्तक न वाचता ओळखले होते, आणि त्यात ते बरेचसे बरोबर होते. गंमत अशी, आणि तिला गंमत म्हणवत नाही, की ही बंडखोरीच त्यांना सोळाव्या वर्षी, स्वतःच्या पायांनी आणि फुशारकीने, बापासारख्याच कारखान्यातल्या कामावर घेऊन गेली. शाळेचे ऐकून गवंड्याने स्वतःला ‘ढ’ मानले, न ऐकून या मुलांनी शाळेलाच मूर्ख ठरवले, आणि दोघेही पोहोचले ते आपापल्या बापाच्या जागी. विलिस यांच्या पुस्तकात मुली जवळजवळ दिसतच नाहीत, हा त्यांच्यावरचा आक्षेप योग्य आहे. त्यांची हकीकत लिहायला पुढे दुसऱ्यांना यावे लागले.

पदव्यांच्या महागाईविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, म्हणून त्यावर थोडक्यात. समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड डोअर यांनी १९७६ मध्ये आणि रँडल कॉलिन्स यांनी १९७९ मध्ये दाखवले की, नोकऱ्यांना लागणारी पात्रता वाढत जाते ती प्रत्येक वेळी काम अवघड झाल्यामुळे वाढते असे नाही. अर्ज करणाऱ्यांत पदवीधर वाढले की गाळण्याची सोय म्हणून ती वाढवली जाते. डोअर यांचे निरीक्षण असे की ज्या देशांत औद्योगिकीकरण उशिरा सुरू झाले तिथे हा रोग अधिक जोराचा असतो आणि शिक्षण परीक्षेभोवतीच फिरू लागते. याकडे नेहमी पदवीधर बेकाराच्या बाजूने पाहिले जाते. परंतु काल जे काम शालान्त परीक्षेवर होत होते त्याला आज पदवी लागते, तेव्हा शालान्त परीक्षेपर्यंतच पोहोचलेला माणूस एका रात्रीत ‘अपात्र’ होतो. त्याचे कसब काल होते तेवढेच आज असते. मोजपट्टी लांबली, आणि उंची त्याची कमी झाली असे त्याला सांगण्यात आले.

या सगळ्याचे टोक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९५८ मध्येच पाहिले होते. ‘मेरिटॉक्रसी’, म्हणजे गुणवत्तेवर ठरणारी सत्ता, हा शब्द जगभर रूढ झाला तो त्यांच्या उपहासात्मक पुस्तकामुळे. त्यात त्यांनी भविष्यातला असा समाज रंगवला आहे की जिथे बुद्धी आणि प्रयत्न यांच्या अचूक मोजमापावर प्रत्येकाची जागा ठरते. तो आदर्श म्हणून त्यांनी लिहिलेला नव्हता, इशारा म्हणून लिहिला होता. लोकांनी शब्द उचलला आणि इशारा टाकून दिला; २००१ मध्ये, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, यंग यांना वर्तमानपत्रात लेख लिहून तक्रार करावी लागली की पुढारी माझा शब्द कौतुकाचा म्हणून वापरत आहेत. त्यांचा इशारा असा होता. जन्मावर उभ्या असलेल्या उतरंडीत तळाचा माणूस हलाखीत असला तरी आपण तळाशी का आहोत हे त्याला ठाऊक असे; तो नशिबाला, राजाला, जमीनदाराला बोल लावू शके, आणि मनातून स्वतःला वरच्यापेक्षा कमी न मानण्याची मुभा त्याला उरे. गुणवत्तेच्या उतरंडीत ही मुभा जाते. आता त्याच्याजवळ बोल लावायला स्वतःखेरीज कोणी नाही, आणि वर बसलेल्यालाही आपण इथे केवळ आपल्या लायकीने आलो आहोत असे वाटत असल्यामुळे खालच्याचे काही देणे लागतो ही भावना उरत नाही. “आमच्यात कोणालाच डोकं नव्हतं” हे वाक्य मी ऐकले तेव्हा यंग यांचे नावही मला माहीत नव्हते.

यावरून शाळाच नकोत असा निष्कर्ष काढणारे होते आणि आहेत. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९७१ मध्ये तसे म्हटले आणि त्यांचे लेखन वाचताना मोहात पडायला होते. मी त्या मोहात पडत नाही, आणि माझी नोकरी शाळेत गेली हे त्याचे कारण नाही. बाल्टिमोर शहरात १९८२ पासून सुमारे आठशे मुलांचा पहिलीपासून पुढे वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. वर्षातून दोनदा चाचण्या झाल्यामुळे शाळा चालू असतानाची वाढ आणि सुट्टीतली वाढ वेगवेगळी मोजता आली. शाळेच्या महिन्यांत गरीब आणि सुस्थितीतल्या घरांतली मुले जवळपास बरोबरीने पुढे जात होती. अंतर वाढत होते ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, जेव्हा एकाच्या घरी पुस्तके, सहली, गप्पा चालू असत आणि दुसऱ्याच्या घरी शिकण्याचा नळ बंद होई. नंतरच्या काही अभ्यासकांनी मोजमापाच्या पद्धतीवर शंका घेतल्या आहेत आणि अंतराचा बराचसा भाग मूल शाळेत पाऊल ठेवण्याआधीच तयार झालेला असतो असे दाखवले आहे. काहीही धरले तरी शाळा उचलून नेल्याने गरीब मुलाचे भले होईल असे त्यातून निघत नाही. शाळा विषमता निर्माण करते यापेक्षा, बाहेर निर्माण झालेली विषमता ती आत घेते, तिच्यावर गुणांचा शिक्का मारते आणि ‘ही तुझी लायकी’ असे म्हणून परत करते, असे म्हणणे मला अधिक अचूक वाटते. यातला शिक्का मारण्याचा भाग तरी आपल्या हातातला आहे. लहान वयात तुकड्या न पाडणे, आठव्या दिवशी ठरवलेली जागा अठराव्या आणि ऐंशीव्या दिवशी मोडणे, परीक्षेच्या न सांगितलेल्या अटी फळ्यावर लिहून सांगणे, आणि नापास झालेल्याशी बोलताना ‘तू’ आणि ‘तुझा निकाल’ यांत फरक ठेवणे, यांपैकी कशालाही सरकारी आदेश लागत नाही. उरलेले काम, म्हणजे घराघरांतले अंतर कमी करण्याचे, शाळेचे नाही. ते वेतनाचे, घरांचे, आरोग्याचे आहे, आणि ते शाळेच्या गळ्यात बांधून मोकळे होण्याची राज्यकर्त्यांची सवय फार जुनी आहे.

आता आपल्या दैनिकाकडे एक विनंती, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपण पहिल्या आलेल्यांची छायाचित्रे छापता आणि त्यांच्याखाली, न चुकता, प्रतिकूल परिस्थितीवर मात करून यश मिळवलेल्या एखाद्या मुलाची किंवा मुलीची हकीकत असते. ती हकीकत खरी असते आणि त्या मुलाचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु दरवर्षी तीच एक हकीकत छापली गेल्याने बाकीच्या हजारो घरांत एकच वाक्य पोहोचते: बघ, त्याला जमले, तुला का नाही? येत्या निकालाच्या दिवशी आपल्या एका बातमीदाराला नापास झालेल्या मुलाच्या घरी पाठवावे. त्याने मुलाला पुढे काय करणार हे विचारण्याआधी, तू नापास का झालास असे तुला वाटते, एवढेच विचारावे आणि मिळेल ते उत्तर, मुलाचे नाव न देता पण त्याच्याच शब्दांत, पहिल्या पानावर छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक